‘पोलिसी खाक्या दाखवताच…’ : आरोपीने कबूल केलं, तरी न्यायालय का मानत नाही?

‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ मराठी वर्तमानपत्रांत हे वाक्य इतक्यांदा छापून आलंय की वाचताना नजर कुठे अडखळतच नाही. गुन्हेगार सापडला, पोपटासारखा बोलला, आपल्या लेखी प्रकरण तिथेच मिटतं. पुढे पंधरा-वीस वर्षांनी त्याच प्रकरणाची दुसरी बातमी येते, ‘आरोपी निर्दोष’, आणि डोकं फिरतं. कबूल केलं होतं ना त्याने? मग सुटला कसा?

दिल्लीजवळच्या निठारी गावातल्या हत्याकांडाच्या बाबतीत नेमकं हेच झालं. नोएडाच्या सेक्टर ३१ मध्ये डी-५ नावाच्या बंगल्यामागच्या नाल्यातून आणि आसपासच्या जागेतून डिसेंबर २००६ च्या अखेरीस कवट्या, हाडं आणि लहान मुलांचे कपडे निघाले, तेव्हा सगळा देश हादरला होता. बंगल्याचा मालक आणि त्याचा घरगडी असे दोघे पकडले गेले. गड्याने सगळं कबूल केल्याचं सांगितलं गेलं आणि त्या कबुलीतले अंगावर काटा आणणारे तपशील घरोघरी पोचले. त्याला एकामागून एक तेरा खटल्यांत फाशी सुनावली गेली. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यातल्या बारा खटल्यांतून त्याला सोडलं, मालकालाही सोडलं. उरलेल्या शेवटच्या खटल्यात ११ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची मुक्तता केली. आज त्या मुलांच्या खुनासाठी एकही माणूस दोषी नाही.

मलाही हे वाचून आधी संतापच आला होता. पण निकालातली कारणं पाहिली आणि रागाचा रोख बदलला. तो कुठे वळला, हे सांगायचं तर सुरुवात कायद्यापासून करावी लागेल.

पोलिसांसमोरची कबुली हा पुरावाच नाही

‘मीच मारलं’ असं आरोपीने स्वतःच्या तोंडाने सांगणं म्हणजे कबुलीजबाब. आपल्याकडचा नियम सरळ आहे. असा जबाब पोलीस अधिकाऱ्यासमोर दिला असेल, तर तो आरोपीविरुद्ध न्यायालयात वापरताच येत नाही. तो खरा असो, खोटा असो, त्यावर सही-अंगठा असो. पोलीस कोठडीत असताना तिसऱ्याच कुणासमोर दिलेली कबुलीही चालत नाही, दंडाधिकारी तिथे हजर असल्याखेरीज. हा नियम १८७२ च्या साक्षीपुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम २३ म्हणून कायम आहे.

म्हणजे ‘खाक्या दाखवताच कबुली’ या बातमीची न्यायालयातली किंमत शून्य.

विशेष म्हणजे हा नियम इंग्रजांनीच आणला. १८५४ मध्ये मद्रास इलाख्यात सरकारी छळाची चौकशी करणारा आयोग नेमला गेला होता. महसूल वसूल करताना आणि गुन्हे कबूल करवून घेताना लोकांचे काय हाल केले जातात, हे त्याच्या अहवालात नोंदलं गेलं. १८७२ चा कायदा लिहिणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांना इथल्या एका अधिकाऱ्याने त्यामागचं साधं कारण सांगितलं होतं: उन्हातान्हात पुरावे शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत मिरची चोळणं सोपं असतं.

दीडशे वर्षं झाली, पण या एका वाक्यात सगळा विषय आहे. कबुली तपासाला पर्याय होऊन बसते.

निरपराध माणूस खुनाची कबुली देईलच कशाला?

हा सगळ्यांचा पहिला प्रश्न, आणि तो रास्त आहे. आपण घरात बसून विचार करतो, ‘मला मारून टाकलं तरी मी न केलेला खून कबूल करणार नाही.’ पण वर्गात काच फुटल्यावर बाईंनी सगळ्यांना उभं करून ठेवलं की काय व्हायचं, आठवा. तासाभराने एखादं भित्रं पोर रडत म्हणायचं, ‘बाई, मी फोडली.’ त्याला फक्त तो तास संपवायचा असायचा. कोठडीतल्या माणसालाही समोरची रात्र संपवायची असते. फाशी फार लांब असते, पट्टा समोर असतो.

सप्टेंबर २०१७ मध्ये गुरुग्राममधल्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा गळा चिरला गेला. हरियाणा पोलिसांनी त्याच दिवशी शाळेच्या बसचा कंडक्टर पकडला. त्याने टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोरही कबुली दिली. सगळ्या देशाने ती पाहिली. दोन महिन्यांनी सीबीआयने त्याच शाळेतल्या अकरावीच्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं आणि कंडक्टरविरुद्ध काहीच पुरावा नसल्याचं सांगितलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने त्याला आरोपमुक्त केलं. तपास सीबीआयकडे गेला नसता तर त्या कॅमेऱ्यासमोरच्या कबुलीने त्या माणसाचं काय केलं असतं, याचा विचार करवत नाही.

कुणी म्हणेल, आपल्याकडे मारहाण होते म्हणून असं घडतं. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तरुणीवर पाशवी अत्याचार झाला. चौदा ते सोळा वर्षांची पाच मुलं पकडली गेली. तासन् तास प्रश्नोत्तरं झाल्यावर त्यातल्या चौघांच्या कबुल्या व्हिडिओवर घेतल्या गेल्या. घटनास्थळी सापडलेला डीएनए पाचांपैकी एकाचाही नव्हता, तरी ज्यूरीने कबुलीवर विश्वास ठेवला. २००२ मध्ये आधीच तुरुंगात असलेल्या एका बलात्काऱ्याने ‘ते मी एकट्याने केलं’ असं सांगितलं आणि डीएनए त्याचाच निघाला. अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरलेल्यांचा हिशेब इनोसन्स प्रोजेक्ट ही संस्था ठेवते. त्यात दर चार जणांमागे एकाहून जास्त जणांच्या प्रकरणात खोटी कबुली आढळते.

रश्श्यातली कोंबडी आणि स्ट्रॉबेरी मिल्कशेक

कबुली नेहमी मारूनच मिळते असं नाही. १९६८ मध्ये मुंबईच्या उत्तर उपनगरांत झोपड्यांत आणि उघड्यावर झोपलेल्या माणसांना डोक्यात घाव घालून मारणारा रमन राघव ऑगस्टमध्ये पकडला गेला. तो कितीतरी वेळ तोंडच उघडेना. अखेर त्याला हवी ती कोंबडी खाऊ घातली, तेव्हा तो बोलू लागला. ही गोष्ट मुंबई पोलिसांच्या आख्यायिकांत जाऊन बसली आहे.

कोंबडी म्हणजे आमिष झालं का? कायद्याच्या व्याख्येत नाही. कायद्यात आमिष म्हणजे खटल्यातच काही फायदा होईल अशी आशा दाखवणं, ‘कबूल कर, सुटशील’ अशा जातीचं. पण कोंबडी खाऊन का होईना, पोलिसांसमोर दिलेली कबुली ती पोलिसांसमोरचीच. त्याने मोठमोठे आकडे सांगितले, तरी प्रत्यक्षात खटला चालला तो मालाडकडच्या दोन खुनांबद्दल. त्याला फाशी सुनावली गेली. पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी तपासून त्याला गंभीर मनोविकार असल्याचं सांगितलं आणि १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप झाली.

याच्या उलट टेक्सासमध्ये घडलं. हेन्री ली लुकास नावाच्या, खरोखरच खून केलेल्या माणसाने १९८३ मध्ये पकडला गेल्यावर कबुल्यांचा सपाटा लावला. अमेरिकेच्या कानाकोपऱ्यातून पोलीस आपापली न सुटलेली प्रकरणं घेऊन त्याच्याकडे येऊ लागले. त्याला स्ट्रॉबेरी मिल्कशेक मिळायचा, चांगलं जेवण मिळायचं, आणि तो शेकडो खून कबूल करत सुटला. दोनशेहून जास्त प्रकरणं त्या जोरावर ‘सुटली’ म्हणून बंद झाली. १९८५ मध्ये पत्रकारांनी नोंदी तपासल्या तेव्हा कळलं, की कितीतरी खुनांच्या वेळी तो भलत्याच राज्यात होता. ज्या एका खुनासाठी त्याला मृत्युदंड झाला होता, तो झाला त्या दिवसांतही तो दूर फ्लोरिडात असल्याचं नोंदी सांगत होत्या. १९९८ मध्ये गव्हर्नर जॉर्ज बुश यांनी त्याचा मृत्युदंड रद्द करून जन्मठेप केली.

त्या बंद फाइलींचे खरे खुनी तोवर मोकळे होते. खोट्या कबुलीचं हे दुसरं टोक आपण विसरतो.

‘पण त्याला असे तपशील माहीत होते, जे खुन्यालाच माहीत असतात’

ऐकायला हा मुद्दा बिनतोड वाटतो. पण चौकशी करणाऱ्यालाही ते तपशील माहीत असतातच. ‘दोरी कुठे टाकलीस?’ असं विचारलं की दोरी होती हे कळलं. फोटो दाखवला की खोली कशी होती ते कळलं. उत्तर चुकलं की पट्टा, बरोबर आलं की चहा. दोन दिवसांत पाठ होतं. मुद्दाम शिकवायला लागतंच असंही नाही. चांगल्या मनाचा अधिकारीसुद्धा नकळत उत्तराकडे नेणारा प्रश्न विचारतो.

लंडनच्या रिलिंग्टन प्लेसमधल्या टिमोथी इव्हान्सची गोष्ट मला यात सगळ्यात अस्वस्थ करते. १९४९ मध्ये त्याची बायको आणि तान्ही मुलगी यांचा गळा आवळून खून झाला. जेमतेम लिहिता-वाचता येणाऱ्या इव्हान्सने पोलिसांना वेगवेगळे जबाब दिले, शेवटी दोन्ही खून कबूल केले. त्याच्याविरुद्ध मुख्य साक्षीदार होता खाली राहणारा शेजारी, जॉन क्रिस्टी. ९ मार्च १९५० रोजी इव्हान्स फाशी गेला. तीन वर्षांनी क्रिस्टीने ती जागा सोडल्यावर स्वयंपाकघराच्या भिंतीआड बायकांची प्रेतं सापडली, बागेत आणखी दोघींचे सांगाडे. क्रिस्टीने इव्हान्सच्या बायकोचा खूनही कबूल केला. इव्हान्सच्या वेळी पोलीस त्याच बागेत जाऊन आले होते. वेलीच्या ताटीला टेकू म्हणून माणसाच्या मांडीचं हाड लावलेलं होतं. ते कुणाच्या नजरेला आलं नाही. हातात कबुली असल्यावर हाड कोण शोधतो? १९६६ मध्ये इव्हान्सला मरणोत्तर माफी मिळाली.

‘त्याने जागा दाखवली, त्याचं काय?’

इथे कायदा एक फट ठेवतो. आरोपीने सांगितल्यामुळे एखादी गोष्ट नव्याने उघडकीस आली, तर त्याच्या बोलण्यातला तेवढाच भाग पुरावा म्हणून घेता येतो. जुन्या कायद्यात हे प्रसिद्ध कलम २७ होतं. आपल्याकडच्या न्यायालयांत याला निवेदन पंचनामा म्हणतात. आधी दोन पंचांसमोर आरोपीचं निवेदन लिहून घ्यायचं, मग त्याच्या मागोमाग जायचं, वस्तू निघाली की जप्तीचा पंचनामा करायचा.

‘तेवढाच भाग’ म्हणजे किती, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी अमलातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, १९४६ मध्ये चाकूच्या उदाहरणाने सांगितलं, आणि आजही वकील तेच देतात. समजा आरोपी म्हणाला, ‘ज्या चाकूने मी अमुकला भोसकलं तो माझ्या घराच्या छपरात लपवलाय, काढून देतो.’ चाकू निघाला. यातलं ‘छपरात लपवलाय, काढून देतो’ एवढंच न्यायालयात वाचलं जाईल. ‘ज्या चाकूने भोसकलं’ हे शब्द गाळले जातील. शोध चाकूचाही लागत नाही. शोध लागतो तो चाकू तिथे आहे हे या माणसाला ठाऊक असण्याचा. तो चाकू खुनातला आहे हे रक्त, जखम, डीएनए यांवरून वेगळं सिद्ध करावं लागतं.

साहजिकच, जी जागा आधीपासून सगळ्यांना माहीत आहे ती ‘दाखवून’ काही उपयोग नाही. निठारीत नेमकं इथेच पाणी मुरलं. आरोपीने निवेदन दिलं आणि मग हाडं सापडली, असं सरकार पक्षाचं म्हणणं. पण त्या वेळचं निवेदन धड लिहून घेतलेलं नव्हतं, आणि आरोपीला तिथे नेण्याआधीच नाल्याजवळ लोक जमले होते, खोदकाम सुरू झालं होतं.

दंडाधिकाऱ्यांसमोर दिलेली कबुली तरी?

ती चालते, पण नियम कडक आहेत. कबुली द्यायची तुझ्यावर सक्ती नाही, दिलीस तर तुझ्याविरुद्ध वापरली जाईल, हे दंडाधिकाऱ्यांनी आरोपीला समजावून सांगावं लागतं. तो स्वखुशीने बोलतोय याची त्यांची स्वतःची खात्री पटावी लागते, आणि ती तशी लिहावी लागते. विचाराला वेळ द्यायचा, पोलिसांचं सावट दूर ठेवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याने ऐन वेळी नकार दिला तर त्याला परत पोलीस कोठडीत धाडायचं नाही. नाहीतर रात्री काय होईल या भीतीने तो तिथेही तेच बोलणार.

निठारीतली कबुली १ मार्च २००७ ची. त्याआधी आरोपी ६० दिवस पोलीस कोठडीत होता. अर्थपूर्ण अशी कायदेशीर मदत त्याला मिळालेली नव्हती. तपास अधिकारी कबुली नोंदवण्याच्या प्रक्रियेपासून पुरेसा दूर नव्हता. आणि खुद्द त्या जबाबातच छळाचे आणि पढवल्याचे उल्लेख आहेत. बंगल्याची तज्ज्ञांनी कसून झडती घेतली होती, तरी इतके खून आणि प्रेतांची कापाकापी तिथे झाल्याचं सांगेल असं रक्त किंवा अवशेष आत सापडले नाहीत. एकाच कबुलीवर आणि एकाच जप्तीवर बारा खटल्यांत सुटका झाली आणि तेराव्यात शिक्षा कायम, हे टिकणं शक्य नव्हतं.

मोक्का आणि नार्को

पोलिसांसमोरची कबुली चालावी म्हणून खास कायदेही झाले. आपल्या महाराष्ट्राचा १९९९ चा मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली ग्राह्य धरतो. ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांचा खटला त्याखालीच चालला. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. कबुल्या छळ करून घेतलेल्या आणि वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांतले भाग एकसारखे असल्याचं न्यायालयाला आढळलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं त्या न्यायालयाने सांगितलं, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. कायद्याने दार उघडून दिलं, तरी कबुलीवर उभा केलेला खटला असा डगमगतो.

नार्को चाचणीबद्दल थोडक्यात. गुंगीचं औषध देऊन प्रश्न विचारायचे, ही ती चाचणी. संमतीशिवाय ती करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. गुंगीतला माणूस खरंच बोलतो असंही नाही.

मग गुन्हा सिद्ध होतो तरी कसा?

होतो, आणि आपल्याकडेच झालेला आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून झाले. जोशी कुटुंब, मग संस्कृत पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकरांचं कुटुंब. दिवेलागणीला पुण्याचे रस्ते ओस पडत. गुन्हेगार निघाले चित्रकलेच्या महाविद्यालयात शिकणारे तरुण. त्यांनी आपल्याच मित्राला मारून लोखंडी पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात टाकलं होतं. शेवटच्या बळीचं प्रेत शिडीला बांधून नदीत सोडलं होतं.

हा खटला उभा राहिला माफीच्या साक्षीदारावर. म्हणजे कटातलाच एक जण, जो सगळं खरं सांगण्याच्या अटीवर माफी मिळवतो. तो पोलीस चौकीत नाही, भर न्यायालयात बोलतो आणि बचाव पक्षाचे वकील त्याची उलटतपासणी घेतात. तरीही त्याच्या एकट्याच्या शब्दावर न्यायालय सहसा विसंबत नाही, कारण तो स्वतःची कातडी वाचवणारा माणूस असतो. त्याच्या प्रत्येक महत्त्वाच्या विधानाला बाहेरून दुजोरा लागतो. तळ्यातून निघालेलं पिंप हा असा दुजोरा. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली.

प्रत्यक्ष पाहणारा कुणीच नसेल तेव्हा परिस्थितीजन्य पुरावा असतो. तो साखळीसारखा. एक कडी तुटली की खालचं वजन खाली. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की ‘असेल’ आणि ‘असलाच पाहिजे’ यांच्यात फार मोठं अंतर आहे. ते अंतर कबुलीने उडी मारून पार करता येत नाही, पायी चालावं लागतं.

‘सगळा कायदा आरोपीच्याच बाजूचा. मेलेल्यांचं काय?’

हा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण निठारीतले आईबाप कुणी ताकदवान नव्हते. पोटासाठी गाव सोडून आलेले, घरकाम-मजुरी करणारे. मुलं हरवल्याच्या तक्रारी घेऊन ते पोलिसांकडे खेपा घालत होते आणि परत पाठवले जात होते. मुलं नाहीशी होत असताना तपास झाला नाही. हाडं सापडल्यावरही कबुली हाती आली आणि तपास तिच्यामागे धावला. अवयवांच्या व्यापाराची शक्यता तपासा, असं केंद्र सरकारच्या समितीने सुचवलं होतं. ती नीट तपासली गेली नाही, यावर उच्च न्यायालयाने बोट ठेवलं.

कबुलीवर अविश्वास दाखवणारा नियम या मुलांच्या आड आला, असं मला वाटत नाही. आड आलं ते पहिल्या आठवड्यात न झालेलं काम. नाल्याची जागा वेळेत बंदिस्त न करणं, निवेदन लिहून न घेणं, बंगल्यात रक्त मिळत नाही म्हटल्यावर दुसरीकडे न पाहणं.

नव्या फौजदारी कायद्यांत झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण सक्तीचं झालं आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञांनी जागेवर जाणंही टप्प्याटप्प्याने सक्तीचं होत आहे. चांगलं आहे. मात्र सेंट्रल पार्कच्या मुलांच्या कबुल्याही व्हिडिओवरच होत्या. कॅमेरा सुरू झाला तो त्याआधीचे तास उलटून गेल्यावर.

निठारीतला आरोपी २००६ मध्ये आत गेला होता, बाहेर आला तेव्हा जवळपास १९ वर्षं झाली होती. खरा गुन्हेगार कोण हे कायद्याला पटेल अशा रीतीने अजून ठरलेलं नाही, याची खंत सर्वोच्च न्यायालयाने निकालातच नोंदवली आहे. नाल्यातून निघालेले कपडे आणि चपला पाहून ज्या आईबापांनी आपली मुलं ओळखली होती, त्यांच्यासाठी पुन्हा तपास होईल असं त्या निकालात कुठेही म्हटलेलं नाही.